मदत हवी आहे: म्हैस पेंढा टाकते, कुंपणाचा पाला किती घालू?

देवरुखची_सई:
तातडीने सांगा. म्हैस पेंढा चघळून टाकते, रवंथ कमी झालाय, शेण घट्ट आणि त्यात काड्या तशाच. दूध निम्म्यावर आलंय. हिरवं गवत संपलं. पाला घातला की पेंढा पचतो म्हणतात म्हणून कुंपणाचा घातला, तर ती तोंडच लावत नाही. किती घालायचा, कशात मिसळायचा? पेंडीच्या जाहिराती नकोत.

गोठा_गुहागर:
कुंपणाला आहे काय ते तर लिहा! सुबाभूळ, शेवरी, अडुळसा? म्हैस गाभण आहे का? जंताचं औषध कधी दिलं?

देवरुखची_सई:
सगळ्यांच्या कुंपणाला असतं तेच. फिकट गुलाबी फुलं येतात, आता आलीत. तिसरं वेत, गाभण नाही.

बागायतदार_राजापूर:
म्हणजे गिरीपुष्प. आम्ही उंदीरमारी म्हणतो, उंदरांना घालायचे पूर्वी. म्हशीला विष कशाला घालता? चिखलणीच्या वेळी खाचरात गाडा, भाताला याच्यासारखं खत नाही.

गोठा_गुहागर:
ताईंनी खत विचारलेलं नाही. घोड्याला बाधतो, रवंथ करणाऱ्या जनावराला पाला चालतो.

कुडाळकर:
कापल्या कापल्या घालू नको गो बाय. वास येता तेका. आज काप, सावलेत पसर, उद्या घाल. वास गेलो काय खातत.

पशुवैद्य_दापोली:
कुडाळकरांचं बरोबर आहे. एक दिवस सुकवा, पण ढीग करून ठेवू नका. वास येतो तो कुमारिनचा, आणि पाल्याला बुरशी लागली तर त्याचंच असं द्रव्य बनतं की रक्त गोठत नाही. बुरशीचा वास आला तर फेकून द्या.

आता पेंढ्याचं. त्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. पेंढा पचवतात ते कोठीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले जिवाणू, आणि एकूण खाण्यात साधारण 7 टक्के प्रथिनं नसतील तर ते नीट वाढत नाहीत. मग पेंढा पोटात पडून राहतो, पोट रिकामं होत नाही, जनावर पुढचं खात नाही. गिरीपुष्पाच्या सुक्या पाल्यात प्रथिनं 20 टक्क्यांच्या आसपास, ती त्या जिवाणूंना मिळतात. पाला पेंढ्याच्या जागी नाही, जोडीला. मूठभरापासून सुरुवात, आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, एकूण सुक्या खाण्याच्या चौथाईवर थांबा.

कुडाळकर:
आमी सुबाभूळच घालतो, काय एक होना नाय.

पशुवैद्य_दापोली:
थोडी चालते. रोज पोटभर घातली तर तिच्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात, गळ्याची गाठ वाढते. एकूण खाण्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको.

भातवाला_पेण:
पाल्याची भानगड कशाला? 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडा, ताडपत्रीत घट्ट बांधून 21 दिवस ठेवा. मऊ होतो, आवडीने खातात.

गोठा_गुहागर:
म्हशीला आज खायचंय, 21 दिवसांनी नाही. आणि मोजमाप चुकलं तर युरिया जनावर मारतो. घरात एकटी बाई असेल तर मी तरी हे सांगणार नाही.

भातवाला_पेण:
बायका मोजमाप आपल्यापेक्षा नीट करतात. वासरांना देऊ नये एवढंच.

गोपालक_चिपळूण:
म्हैस विका, कोकण कपिला घ्या. आपल्या हवेतली गाय, डोंगरात चरते, काही लागत नाही.

पशुवैद्य_दापोली:
सई, जंताच्या औषधाचं उत्तर राहिलं. म्हैस खाचरात चरली होती का?

देवरुखची_सई:
औषध पावसाच्या आधी दिलं. भात कापल्यावर खाचरातच चरत होती. त्याचा काय संबंध?

पशुवैद्य_दापोली:
फार आहे. खाचरातल्या गोगलगायींतून पर्णकृमी, म्हणजे पानासारखे चपटे जंत येतात, यकृतात जाऊन बसतात, जनावर असंच खंगतं. जबड्याखाली सूज असली तर आजच दवाखाना गाठा, नसली तरी शेण तपासा. साध्या जंताच्या औषधाने पर्णकृमी जातीलच असं नाही. ते असतील तर कितीही पाला घाला, दूध येणार नाही.

देवरुखची_सई:
सूज नाही. शेण उद्या नेते. सुकवलेला पाला भाताच्या कोंड्यात मीठ घालून दिला, तो खाल्ला. पण फुलं आलेल्या झाडांना पानंच नाहीत, छाटलेल्या दोन झाडांवरच आहेत. एवढ्यावर पावसापर्यंत कसं पुरवू?

बागायतदार_राजापूर:
पुढच्या वर्षी पाऊस संपताना निम्मी झाडं छाटा, छाटलेल्याला फूल येत नाही, उन्हाळ्यात पाला टिकतो. लावायला कांड्या हव्यात तर मे महिन्यात या, माझ्या बांधावर भरपूर आहेत. मनगटाएवढ्या जाड घ्या, बारीक कांडी वाळते.