अभ्यासिकेचं वायफाय रात्री बंद ठेवावं का?

पऱ्हाटी: वणीकडचं आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेला रात्री अकराला कुलूप लागतं, पण राउटर पहाटेपर्यंत रिकाम्या खोलीत चालूच. कोणी जोडलेलं नसलं तरी तो सेकंदाला जवळपास दहा वेळा बीकन, म्हणजे ‘मी इथं आहे’ असं सांगणारा छोटा सिग्नल, सोडतो. मोबाइलचं वायफाय दोन बीकनच्या मधे झोप घेतं, राउटरला ती सोय नाही. लाइन गेली की भार इन्व्हर्टरवर, आणि आमची जुनी बॅटरी सकाळी पोलीस भरतीची पोरं येतात तेव्हा बसलेली. अकरा ते पाच बंद करा, असं माझं मत.

बोरगावकर: भाऊ, हिशेब तर करा. अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं असन, तर जास्तीत जास्त १२ वॅट. सहा तासांचे ७२ वॅट-तास, महिन्याले दोन युनिटच्या जरासं वर. ७५ वॅटचा जुना पंखा एका तासात त्या ७२ वॅट-तासांहून जास्त खाते. मे महिन्यात दिवसभर पंखे फिरतात, त्याचं बोला! आन् कुलूप लागल्यावर ओट्यावर बसून फॉर्म भरणारी पोरं कुठं जातीन? त्यांच्या घरी टॉवर लागत नाही.

पऱ्हाटी: पोरांचं मान्य. पण बिलातले दोन युनिट वेगळे आणि बॅटरीतले वेगळे. इन्व्हर्टर रिकामा चालू राहिला तरी काही वॅट स्वतःच खातो. बॅटरीचे १२ व्होल्ट आधी २३० करायचे, मग अ‍ॅडॉप्टरनं परत १२ वर आणायचे! खरी नासाडी तिथं आहे.

वर्धेचा वायरमन: मग राउटर इन्व्हर्टरवरून काढा, १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा, म्हणजे आपल्या बॅटरीतून थेट १२ व्होल्ट देणारा डबा. माझ्या मते निम्मं भांडण तिथंच मिटते. फायबरचा डबा वेगळा असन तर त्याचाही व्होल्टेज पाहून घ्या. दुसरं, राउटर लोखंडी कपाटामागं ठेवू नका. सिग्नल कमजोर झाला की वेग पडते, तोच व्हिडिओ उतरवाले मोबाइलचं वायफाय जास्त वेळ जागं राहते, पोरांची बॅटरी जाते. वायफाय ६ या नव्या पिढीच्या वायफायमधे कोणत्या मोबाइलनं कधी उठायचं हे राउटरसंगं आधीच ठरते, पण मोबाइलही तसाच पाहिजे. जुन्या मोबाइलसाठी तेवढ्याकरता नवा राउटर घेऊ नका.

पऱ्हाटी: डीसी यूपीएस ग्रामसभेत मांडतो. तरी रात्री एक ते चार राउटरचं वायफाय बंद राहील अशी वेळ सेटिंगमधे लावावी, असं अजूनही वाटतं. बटणाची भानगड नको, सकाळी चालू करायला कोणीतरी विसरतंच.

बोरगावकर: एक ते चारही नको. आमच्याकडं या आठवड्यात शेतीपंपाची थ्री फेज लाइन रात्रीची आहे. माझा लहान भाऊ ओलीत करून दोन वाजता येते, मंग ओट्यावर बसून दुसऱ्या दिवसाचे लेक्चर उतरवते. तुमच्या गावातही असा एखादा असनच. ग्रामसभेत त्याले विचारून घ्या.