पीव्हीएच्या द्रावणाची श्यानता मोजताना आलेख डावीकडे खाली वाकतो: दोष द्रावणाचा की मोजणीचा?

प्रश्न: एम.एस्सी. विद्यार्थिनी, सोलापूर

नमस्कार. यंत्रमागाच्या ताण्याला खळ देताना आपल्याकडे जो पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए वापरतात, त्याचा रेणुभार श्यानतेवरून, म्हणजे द्रव वाहण्याला जो विरोध करतो त्यावरून, काढणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. मोजणी उबेलोड व्हिस्कोमीटरने (बारीक काचनळीतून द्रव उतरायला लागणारा वेळ मोजण्याच्या उपकरणाने), ३० अंश सेल्सिअसला करते. सकाळी आठ वाजता शुद्ध पाणी खुणेपासून खुणेपर्यंत उतरायला २१२.० सेकंद लागले. त्यानंतर १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम या संहतीचे द्रावण नळीत घेतले आणि तिथेच पाणी मिसळत ते ०.६६७, ०.५ आणि ०.३३३ ग्रॅमपर्यंत विरल केले. वेळा अनुक्रमे ४१८.६, ३३५.०, २९६.२ आणि २५९.६ सेकंद आल्या. शेवटची नोंद झाली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

द्रावणाच्या वेळेला पाण्याच्या वेळेने भागले की सापेक्ष श्यानता येते आणि तिच्यातून १ वजा केला की विशिष्ट श्यानता. या विशिष्ट श्यानतेला संहतीने भागल्यावर ०.९७, ०.८७, ०.७९ आणि ०.६७ असे आकडे मिळतात. हगिन्सच्या समीकरणाप्रमाणे संहतीसमोर मांडलेले हे बिंदू एका सरळ रेषेवर यायला हवेत, पण विरल बाजूचे बिंदू खाली घसरतात आणि रेषा शून्य संहतीच्या अक्षाला कुठे टेकवावी हेच ठरत नाही. तीन दिवस हाच प्रकार चालू आहे. पीव्हीए काचेला चिकटून द्रावणातून कमी होत असेल का? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: निवृत्त प्राध्यापक, भौतिक रसायन

तुम्ही वेळांसोबत घड्याळही लिहिले, हे फार चांगले केले, कारण माझ्या मते उत्तर त्या घड्याळातच आहे. काचेकडे वळण्याआधी एका गोष्टीचे उत्तर द्या. तुमच्या वॉटर बाथला, म्हणजे व्हिस्कोमीटर बुडवून ठेवता त्या पाण्याच्या टाकीला, फक्त हीटर आहे, की थंड करण्याचीही सोय आहे? बहुतेक महाविद्यालयांतले बाथ फक्त तापवू शकतात. मे महिन्यात सोलापुरातल्या प्रयोगशाळेची हवा दुपारी चाळिशीला टेकते, तेव्हा असा बाथ ३० अंशांवर लावून ठेवला तरी हीटर नुसता बंद राहतो आणि पाणी हवेच्या उष्णतेने हळूहळू वर चढत जाते. ढवळणीची मोटरही त्यात थोडी भर घालते.

हे किती महाग पडते ते पाहा. पाण्याची श्यानता २० अंशांना १.००२ मिलिपास्कल-सेकंद असते, ३० अंशांना ०.७९७ आणि ४० अंशांना ०.६५३. म्हणजे ३० अंशांच्या आसपास दर अंशामागे ती साधारण दोन टक्क्यांनी उतरते. शेवटच्या नोंदीच्या वेळी बाथ ३२ अंशांवर पोचला होता असे समजा. त्या तापमानाला नुसते पाणीही २१२ नव्हे, तर सुमारे २०३.५ सेकंदांत उतरले असते. आता २५९.६ ला २०३.५ ने भागा: सापेक्ष श्यानता १.२२ ऐवजी १.२८ येते आणि ०.६७ चा आकडा एकदम ०.८३ होतो. दोन अंशांच्या चुकीने जवळजवळ पाचवा हिस्सा गिळला. सापेक्ष श्यानतेतून १ वजा केल्यावर विरल द्रावणात अगदी थोडेच उरते आणि सगळी चूक त्या थोडक्यावर येऊन बसते, म्हणून डावीकडचा बिंदू सर्वांत जास्त घसरतो. तुम्ही घट्ट द्रावणापासून विरलाकडे जाता आणि दिवसही त्याच क्रमाने तापत जातो, त्यामुळे चूक विखुरलेली न दिसता सुबक वक्रासारखी दिसते. ही आकडेमोड केवळ निदानासाठी आहे. प्रबंधात असा दुरुस्त केलेला आकडा घालू नका, मोजणी पुन्हा करा.

दुसरा पुरावा तुमच्याच आकड्यांत आहे. सापेक्ष श्यानतेच्या नैसर्गिक लॉगरिदमला संहतीने भागून क्रेमरची रेषा काढा. चांगल्या द्रावकात संहती कमी होत जाईल तशी ती किंचित वर चढायला हवी आणि हगिन्सच्या रेषेला अक्षावर एकाच बिंदूत भेटायला हवी. तुमचे आकडे ०.६८, ०.६९, ०.६७, ०.६१ असे येतात, म्हणजे शेवटी रेषा उलट खाली जाते.

उपाय सांगतो. पहाटे साडेपाचला सुरुवात करा. तेव्हा हवा ३० अंशांच्या खाली असते आणि हीटरला काम उरते. ते जमत नसेल तर बाथमध्ये तांब्याच्या नळीचे वेटोळे सोडून त्यातून बर्फाचे पाणी फिरवा. बाथच्या आकडेपट्टीवर विसंबू नका. दशांश अंश दाखवणारा पाऱ्याचा तापमापक व्हिस्कोमीटरशेजारी लटकवा आणि प्रत्येक वेळेसोबत तापमान लिहा. गंभीर मोजणीत बाथ अंशाच्या काही शतांशांच्या आत धरून ठेवतात. मिसळायचे पाणीही आधी त्याच बाथमध्ये ठेवा, मिसळल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि नवे द्रावण केशनलिकेतून एक-दोनदा वर ओढून सोडल्याशिवाय वेळ घेऊ नका, नाहीतर वरच्या फुग्यात जुनेच द्रावण राहते. मोजणी संपल्यावर नळी धुऊन पाण्याची वेळ पुन्हा घ्या. ती २१२ वर परत आली तर काचेला चिकटण्याची तुमची शंकाही तिथेच मिटेल.

उत्तर २: सायझिंग व्यावसायिक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

ताई, सरांच्या तापमानाच्या मुद्द्याला माझी पूर्ण सहमती आहे. पण आमचे रोजचे काम याच पदार्थाशी असल्यामुळे द्रावण तयार करण्याबद्दल थोडे लिहितो. पूर्ण हायड्रोलाइझ केलेला (म्हणजे जवळजवळ सगळे अ‍ॅसिटेट गट काढून टाकलेला) पीव्हीए गरम पाण्यात टाकला की वरून चिकट आवरण धरतो आणि आत कोरडा राहतो. अशी गुठळी नंतर कितीही ढवळली तरी लवकर फुटत नाही. भुकटी नेहमी गार पाण्यात, ढवळणी चालू ठेवून, थोडी थोडी सोडावी आणि मगच ९० ते ९५ अंशांपर्यंत तापवावी. विरघळला असे वाटले की एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन ट्यूबलाइटसमोर धरा. अर्धवट फुगलेले पारदर्शक कण राहिले असतील तर ते काचेतल्या बुडबुड्यांसारखे दिसतात, पण बुडबुडा वर सरकतो आणि कण जागचा हलत नाही.

भुकटी हवेतला ओलावा ओढते, म्हणून वजन करण्यापूर्वी ती वाळवलेली असावी. शिवाय तापवताना उडालेले पाणी वजन पाहून भरून काढावे, नाहीतर तुमचा १ ग्रॅम हा खरा १ ग्रॅम राहत नाही. आणि द्रावण करून दोन दिवस ठेवू नका. पूर्ण हायड्रोलाइझ केलेल्या मालाचे द्रावण ठेवल्या ठेवल्या घट्ट होत जाते, हे आम्ही कढईत नेहमी पाहतो.

उत्तर ३: संशोधक विद्यार्थी

एक छोटी भर. पुढे सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) किंवा सोडियम अल्जिनेट घेणार असाल तर निव्वळ पाण्यात मोजू नका. त्यांच्या साखळीवर विद्युतभार असतो, द्रावण विरल होताच साखळ्या ताणल्या जातात आणि आलेख डावीकडे वर उसळतो. त्यासाठी द्रावणात ठरावीक मीठ घालावे लागते. पीव्हीएवर असा भार नसतो आणि तुमचा आलेख खाली जातो, त्यामुळे इथे ते कारण संभवत नाही. रेणुभार काढताना श्यानता आणि रेणुभार यांना जोडणाऱ्या मार्क-हाउविंक समीकरणातले स्थिरांक मात्र त्याच तापमानाचे आणि तुमच्या नमुन्याच्या हायड्रोलिसिसच्या टक्केवारीला जुळणारेच घ्या.

प्रश्नकर्ती

सर, बाथला फक्त हीटरच आहे. काल दुपारी मुद्दाम त्यात तापमापक धरला, तेव्हा आकडेपट्टी ३० वर लावलेली असताना पारा ३२.३ वर होता. आज वसतिगृहातून पावणेपाचला निघाले आणि आदल्या संध्याकाळी केलेल्या ताज्या द्रावणाच्या सगळ्या नोंदी साडेनऊच्या आत संपवल्या. तापमान पूर्ण वेळ २९.९८ ते ३०.०२ च्या दरम्यान राहिले. विरलाकडे येताना ०.९७, ०.९०, ०.८६ आणि ०.८३ असे आकडे आले, दोन्ही रेषा अक्षावर ०.७५ जवळ भेटल्या आणि शेवटी पाण्याची वेळ २१२.१ सेकंद आली. दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे थेंब ट्यूबलाइटसमोर धरला, तर पहिल्या खेपेच्या उरलेल्या द्रावणात खरोखरच न हलणारे चार-पाच कण दिसले, म्हणून ती बाटली बाजूला ठेवली आहे. उद्या पहाटे याच नमुन्याची दुसरी मोजणी घेते आणि तिचे आकडे इथेच लिहिते.