स्पॅनिश: ‘आब्ले’ की ‘आब्लारा’?

उशिरा_शिकणारी:
वय ५३. लेक वालेन्सियाला असते, म्हणून क्लास लावलाय. ‘मी बोलावं असं आईला वाटत होतं’ याचं मी केलं, ‘मी माद्रे केरिआ के यो आब्ले’. बाईंनी ‘आब्ले’वर लाल रेघ मारून ‘आब्लारा’ लिहिलं. का? आपल्याकडे ‘वाटतं’ असो की ‘वाटत होतं’, ‘बोलावं’ तसंच राहतं ना! आणि हे ‘आब्लारा’ आलं कुठून? वहीत सहा रूपं उतरवलीत, पण घोकून डोकं उठलं.

लसूणचटणी:
गोची तिथेच आहे, ताई. आपलं ‘बोलावं’ काळ बघत नाही, स्पॅनिशचं बघतं. ‘किएरे’ (वाटतं) असेल तर ‘आब्ले’, ‘केरिआ’ (वाटत होतं) आलं की ‘आब्लारा’.

घोकू नका. साध्या भूतकाळातलं ‘ते बोलले’ घ्या: आब्लारोन. शेवटचा ‘रोन’ उडवा. उरलेल्या ‘आब्ला’ला (मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने) रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावा. ‘कोमेर’चं (खाणं) कोमिएरोन, म्हणून कोमिएरा. ‘विविर’चं (राहणं, जगणं) विविएरोन, म्हणून विविएरा. आडमुठ्या क्रियापदांनाही हेच चालतं: तेनेर (जवळ असणं), तुविएरोन, तुविएरा. या नियमाला अपवाद नाही. स्पॅनिशमध्ये असं क्वचितच म्हणता येतं, तेव्हा हात धुवून घ्या.

काठावर_पास:
जोर कुठे देता ते सांभाळा. देवनागरीत दोन्ही ‘आब्लारा’च दिसतात, पण ‘ब्ला’वर जोर दिला तर हे रूप आणि शेवटच्या ‘रा’वर दिला तर ‘तो बोलेल’. तोंडी परीक्षेत मी आईला थेट भविष्यकाळात पाठवलं होतं. ‘आब्लामोस’चा (आम्ही बोलतो) जोरही ‘ब्ला’वर आणि ‘आब्लारामोस’चाही ‘ब्ला’वरच.

पुस्तकात ‘आब्लासे’ दिसलं तर दचकू नका. तेही याच कामाचं, ओळखता आलं की पुरे. बोलताना ‘रा’वालंच जास्त ऐकू येतं.

उशिरा_शिकणारी:
करून बघते. सेनार म्हणजे रात्रीचं जेवणं. सेनारोन, सेना, सेनारामोस. ‘मी इहा केरिआ के सेनारामोस आ लास दिएस.’ आम्ही दहाला जेवावं अशी लेकीची इच्छा होती. (खरंच होती. आम्ही साडेसातला जेवून मोकळे झालो.)

लसूणचटणी:
बरोब्बर! जोर ‘ना’वर. फक्त वालेन्सियात ‘से’ म्हणताना जीभ दातांत येऊ द्या, तिकडे तो ‘थे’सारखा ऐकू येतो.