जळवांवर उपाय हवाय, पण तंबाखू-मीठ चालणार नाही

नमस्कार मंडळी, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी जूनपासून आंबोलीत आहे. काम आंबोली टोड या बेडकावर, अंगठ्याच्या पेराएवढा प्राणी, २००९ पर्यंत याला शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. जांभ्याच्या सड्यावर (म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर) पाऊस झाला की कातळातल्या खळग्यांत जे पाणी साचतं त्यातच हा अंडी घालतो, आणि चार दिवस उघडीप पडली की खळगा आटून सगळं संपतं. म्हणून रोज जावंच लागतं, खळगा किती खोल, पाणी किती गरम, टॅडपोल किती ते लिहायचं. (वनखात्याची परवानगी आहे, पत्र बॅगेतच असतं, आधीच सांगते.)

प्रॉब्लेम सड्यावर नाही, तिथपर्यंतच्या कारवीच्या झुडपांतून जाणाऱ्या अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. जळवा! काल बूट काढला तर मोजा लालभडक, मोजल्या तर अकरा, एक बेंबीजवळ!! चावताना कळतही नाही, मग तासनतास रक्त थांबत नाही. गावात सगळे सांगतात तंबाखू चोळ, मीठ लाव, पण मला त्याच पायांनी खळग्यांशी जायचंय, आणि बेडकाची कातडी सगळं शोषून घेते, त्यामुळे डास पळवायचं क्रीमही बाद. ऑनलाइन लीच सॉक्स मागवले तर ते जाळीदार नायलॉनचे निघाले, जळू आरामात आत. काय करू?

कातळखोड: विकतचे सोड. टेलरकडून पोपलीनचे शिवून घे, वीण घट्ट पाहिजे, गुडघ्यापर्यंत, वर नाडी. पँट आत खोचायची, मग बूट. रंग पांढरा घे म्हणजे चढताना दिसते. शर्टपण खोच, बेंबीवाली तिथूनच गेली असणार. आणि काडीने चटका देऊ नकोस, बारीक टोकाशी नख सरकवलं की सुटते, मग जखम नुसती दाबून धर.

रानभूल: तंबाखू लावायचीच असेल तर सॉक्सला बाहेरून लाव आणि सड्याच्या कडेला ते काढून पिशवीत कोंब, उघड्या कातळावर जळवा फारशा नसतात. पण हाताला लागतेच, म्हणून मी तरी टाळेन. बेडूक थेट हातात कशाला घेतेस, झिपच्या पिशवीत घेऊन मोज, दर बेडकाला नवी पिशवी. आणि नोंदी पेनने करत नाहीस ना?

धागाकर्ती: करत होते :( परवा दोन पानांची निळी शाई वाहून गेली, आता पेन्सिल. पोपलीनचं आजच बघते, इथल्या टेलरकाकांना काय शिवायचंय ते समजावताना मजा येणार आहे. नाडी गुडघ्याच्या वर बांधायची की खाली? चढताना घसरते का?

कातळखोड: खाली, पोटरीच्या वर. फार आवळू नकोस, पायाला मुंग्या येतात.