अपग्रेड करताना मीडिया सर्व्हरचा सगळा डेटा पुसला गेला : माझ्या पॅकेजमध्ये चूक कुठे आहे?

रात्रपाळी

नमस्कार. घरातील चित्रपट, गाणी आणि छायाचित्रे घरच्याच नेटवर्कवर पाहता यावीत म्हणून मी जेलीफिन हा मीडिया सर्व्हर वापरतो. त्याच्या वेब भागाला मी दोन छोटे पॅच (मूळ कोडमधील बदल) लावले आहेत. एक सबटायटलच्या फॉन्टसाठी आणि दुसरा मालिकांच्या क्रमवारीसाठी. दर वेळी ते हाताने लावण्याचा कंटाळा आला, म्हणून सर्व्हर, वेब भाग आणि व्हिडिओचे रूपांतर करणारे एफएफएमपेग असे सगळेच एका डेब पॅकेजमध्ये (डेबियन लिनक्सच्या इन्स्टॉलेशन फाइलमध्ये) बांधले. आज डेबियनच्या सहा यंत्रांवर ते पॅकेज चालते. त्यांपैकी एकच यंत्र माझे आहे, बाकीची पाच नातेवाईक आणि मित्रांची आहेत.

परवा नवी आवृत्ती बांधली आणि आधी स्वतःच्या यंत्रावर चढवली. पॅकेज चढवणाऱ्या डीपीकेजीने एका शब्दाची तक्रार केली नाही, सर्व्हिस व्यवस्थित सुरू झाली. मात्र ब्राउझर उघडला तर समोर पहिल्या इन्स्टॉलेशनच्या वेळी दिसणारे, भाषा विचारणारे पान आले. वापरकर्त्यांची खाती, पाहून झालेल्या भागांच्या खुणा, बसून दुरुस्त केलेली पोस्टर, काहीही उरले नाही. मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचल्या.

पॅकेज काढून टाकल्यावर मागे पसारा राहू नये म्हणून डीपीकेजी फाइली काढल्यानंतर चालवते त्या पोस्टआरएम स्क्रिप्टमध्ये मी ‘/व्हार/लिब/जेलीफिन’ ही डेटा डिरेक्टरी पुसणारी एक ओळ लिहिली होती. संशय तिच्यावरच आहे, पण मी पॅकेज काढलेच नव्हते, केवळ वरची आवृत्ती चढवली होती. मग ती ओळ चालली कशी? आणि नव्या पॅकेजमधून ती वगळली, तर उरलेल्या पाच यंत्रांवर निर्धास्तपणे अपग्रेड करता येईल का?

जुने_यंत्र

येणार नाही, आणि म्हणूनच हे उत्तर घाईने लिहीत आहे. पाचही यंत्रे तुमच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजे ठेवलेल्या साठ्यातून) आपोआप अपग्रेड होत असतील, तर नवे पॅकेज तेथून आधी मागे घ्या आणि मग पुढचे वाचा.

पोस्टआरएम ही फक्त पॅकेज काढताना चालणारी स्क्रिप्ट आहे, असा समज नावामुळे होतो. प्रत्यक्षात अपग्रेडच्या वेळी डीपीकेजी पुढील क्रमाने जाते : आधी जुन्या पॅकेजची प्रीआरएम (काढण्याआधीची स्क्रिप्ट), नंतर नव्या पॅकेजची प्रीइन्स्ट (बसवण्याआधीची), मग नव्या फाइली उलगडणे, त्यानंतर जुन्या पॅकेजची पोस्टआरएम आणि शेवटी नव्या पॅकेजची पोस्टइन्स्ट (बसवल्यानंतरची). पोस्टआरएमला पहिला आर्ग्युमेंट म्हणून ‘अपग्रेड’, ‘रिमूव्ह’, ‘पर्ज’ (सेटिंगांसह पूर्ण पुसणे) यांसारखा एक शब्द मिळतो आणि त्यावरून आपण कशासाठी बोलावले गेलो आहोत हे स्क्रिप्टने ओळखायचे असते. तुमच्या स्क्रिप्टने तो शब्द तपासलाच नाही, त्यामुळे ‘अपग्रेड’ असे बजावून बोलावले तरी तिने पर्जचेच काम केले.

खरी मेख अशी आहे, की चालते ती जुन्या पॅकेजची पोस्टआरएम, आणि ती त्या पाच यंत्रांवर ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’मध्ये आधीच बसलेली आहे. नवे पॅकेज कितीही शुद्ध असले तरी त्याच्या फाइली उलगडल्या की लगेच ती जुनी ओळ चालणार.

नव्या प्रीइन्स्टमध्ये डेटा डिरेक्टरीचे नाव तात्पुरते बदलून पोस्टइन्स्टमध्ये ते पूर्ववत करणे, हा एक मार्ग आहे. परंतु फाइली उलगडताना मध्येच डिस्क भरली, तर डीपीकेजी नव्या पोस्टआरएमला ‘अबॉर्ट-अपग्रेड’ म्हणून हाक मारते आणि तेथेही नाव परत फिरवण्याची सोय तुम्हाला करावी लागते. ती राहून गेली तर जुनी सर्व्हिस रिकाम्या डिरेक्टरीवर उभी राहील. पाचच यंत्रे असताना हा खटाटोप मी करणार नाही. प्रत्येक यंत्रावर जाऊन इन्फो डिरेक्टरीतील ती ओळ हाताने काढा, डेटाची एक प्रत बाहेर ठेवा आणि मगच नवे पॅकेज चढवा. डीपीकेजीच्या खासगी फाइलींना हात लावणे शिष्टसंमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण येथे तोच कमी धोक्याचा उपाय आहे.

दुसरी_डिस्क

वरील निदान अचूक आहे. तथापि पोस्टआरएम दुरुस्त झाली तरी या पॅकेजमध्ये आणखी एक खड्डा असण्याची शक्यता आहे, आणि तो सर्व्हिस थांबवण्याच्या वेळेशी संबंधित आहे.

तुम्ही पॅकेज बांधण्याच्या डेबहेल्पर या साधनाची कॉम्पॅट (सुसंगतता) पातळी १० किंवा त्यापुढची पातळी वापरत असाल, तर सिस्टिमडी या यंत्रणेने चालवलेली सर्व्हिस अपग्रेडच्या आधी थांबत नाही. फाइली बदलल्या जात असताना ती चालूच राहते आणि शेवटी पोस्टइन्स्टमध्ये रीस्टार्ट होते. बंद राहण्याचा काळ कमी व्हावा, हा त्यामागील हेतू आहे आणि एका बायनरीच्या छोट्या सर्व्हरला तो शोभतोही. जेलीफिन मात्र डॉटनेट प्लॅटफॉर्मवर चालते, त्याच्यासोबत शेकडो डीएलएल फाइली (प्रोग्रामच्या कोडचे सुटे भाग) येतात आणि त्यांतील काही गरज पडेल तेव्हाच लोड होतात. जुनी प्रक्रिया चालू असताना तिच्याखालच्या डीएलएल बदलल्या, की नेमके त्या मिनिटात कोणी चित्रपट सुरू केला तर काय होईल याचा भरवसा देता येत नाही. यासाठी डेबहेल्परच्या ‘डीएच-इन्स्टॉलसिस्टिमडी’ला ‘नो-रीस्टार्ट-आफ्टर-अपग्रेड’ हा पर्याय द्यावा. मग सर्व्हिस प्रीआरएममध्ये थांबते आणि पोस्टइन्स्टमध्ये सुरू होते.

सर्व्हिस थांबलेली असली की डेटाबेसची प्रत घेणेही सोपे जाते. एसक्यूलाइटचा डेटाबेस चालू असताना केवळ मुख्य फाइल कॉपी केली, तर तिच्या शेजारच्या ‘-वाल’ फाइलमधील ताजे बदल प्रतीत येत नाहीत, आणि असे बॅकअप उपयोगी पडायच्या दिवशीच उघडे पडते. जेलीफिनमध्ये तर ही प्रत अनिवार्य समजावी, कारण नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होताच डेटाबेसची रचना बदलू शकते आणि झालेला बदल उलट फिरत नाही. २०२५ मध्ये आलेल्या १०.११ आवृत्तीने जुन्या लायब्ररी डेटाबेसमधील मजकूर नव्या रचनेत हलवला, त्यानंतर १०.१० वर परतायचे तर जुनी प्रत हाताशी असावीच लागते, नुसते जुने डेब चढवून भागत नाही. म्हणून प्रीइन्स्टमध्ये केवळ डेटाबेसच्या फाइलींची प्रत घ्या. पोस्टर आणि मेटाडेटा सोडा, त्यांचा आकार फार असतो. जागा अपुरी असेल तर स्क्रिप्ट चुकीचा कोड देऊन तेथेच थांबवा. अपग्रेड होत नाही आणि जुनी आवृत्ती जागेवर राहते.

सावकाश

मला मुळात एक प्रश्न पडतो : दोन्ही पॅच वेब भागाचे असताना सगळा सर्व्हर स्वतः बांधण्याचे प्रयोजन काय? प्रकल्पाच्या स्वतःच्या डेबियन रिपॉझिटरीत सर्व्हर, वेब आणि एफएफएमपेग ही वेगवेगळी पॅकेजे आहेत. तुम्ही केवळ वेबचे पॅकेज बांधा आणि बाकीची दोन तेथून घ्या. सुरक्षेसंबंधी दुरुस्ती आली, की ती तुमच्या सवडीची वाट न पाहता त्या सहा घरांत पोहोचेल. दुसऱ्यांच्या यंत्रांवर आपले पॅकेज ठेवणे म्हणजे त्यांच्या अपग्रेडची जबाबदारी घेणे आहे, आणि ती सुट्टीतही संपत नाही.

एफएफएमपेग एकत्र बांधले नसते तर बरे झाले असते. जेलीफिन प्रकल्प स्वतःचे पॅच असलेले एफएफएमपेग ठेवतो आणि ते ‘/युएसआर/लिब/जेलीफिन-एफएफएमपेग’ या स्वतंत्र ठिकाणी बसते, त्यामुळे डेबियनच्या एफएफएमपेगशी त्याची टक्कर होत नाही. हार्डवेअरवर ट्रान्सकोडिंग (व्हिडिओचे रूपांतर) करायचे असेल तर सर्व्हिसच्या वापरकर्त्याला ‘रेंडर’ गटात घालायला विसरू नका, अन्यथा ‘/डेव्ह/डीआरआय’खालील उपकरण उघडता येत नाही आणि साधा चित्रपटही प्रोसेसरला घाम फोडतो. सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये होम डिरेक्टरी सर्व्हिसपासून लपवणारे ‘प्रोटेक्टहोम’ चालू केलेत आणि कोणाचे चित्रपट होम डिरेक्टरीत असले, तर त्याला लायब्ररी रिकामी दिसेल आणि लोक तासभर परवानग्या तपासत बसतील.

जुने_यंत्र

सावकाश यांचा सल्ला योग्य आहे, पण त्यात तोच सापळा दोनदा येतो. अधिकृत पॅकेज चढवताना कॉन्फ्लिक्ट्समुळे (ही दोन पॅकेजे एकत्र नकोत, या नोंदीमुळे) तुमचे जुने पॅकेज निघेल आणि त्याची पोस्टआरएम ‘रिमूव्ह’ या शब्दासह चालेल. ती ओळ तेव्हाही तेथे असली तर डेटा जाईल. समजा, तुम्ही ती नीट ‘पर्ज’च्या अटीत बसवली. मग जुने पॅकेज डीपीकेजीच्या यादीत ‘आरसी’ अवस्थेत (काढलेले, पण पर्ज न झालेले) पडून राहील, आणि सहा महिन्यांनी कोणी यादी स्वच्छ करण्यासाठी त्याला पर्ज केले, की अधिकृत सर्व्हर वापरत असलेली तीच डिरेक्टरी पुसली जाईल. स्थलांतर करायचे असेल तर ओळ अटीत बसवू नका, पूर्णपणे काढून टाका.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. ‘आरसी’ची गोष्ट माझ्या स्वप्नातही आली नसती.

नवे पॅकेज त्याच दिवशी मागे घेतले. काल रात्री पाचही यंत्रांवर एसएसएचने (नेटवर्कवरून) जाऊन सर्व्हिस थांबवली, डेटा डिरेक्टरीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि इन्फोमधील पोस्टआरएममधून ती ओळ काढली. चार यंत्रांवर अधिकृत सर्व्हर, अधिकृत एफएफएमपेग आणि माझे वेब पॅकेज बसवले. खाती आणि खुणा जागेवर आहेत. वेब पॅकेजच्या आवृत्तीला अधिकृत क्रमांकापुढे माझा प्रत्यय जोडला आहे. आधी तेथे टिल्डे (~) चिन्ह वापरले होते, तेव्हा डीपीकेजीने माझी आवृत्ती अधिकृत आवृत्तीहून जुनी ठरवली आणि पुढच्याच अपग्रेडमध्ये पॅच निघून गेले. आता अधिकचे (+) चिन्ह वापरतो.

पाचव्या यंत्रावर डेटा डिरेक्टरीच मूळ डिस्कवर नसून एका सिमलिंकमागे (दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या दुव्यामागे) दुसऱ्या डिस्कवर आहे, हे ऐन वेळी कळले. त्याच्या मालकाने ती केव्हा हलवली हे त्यालाही आठवत नाही. त्या यंत्राची प्रत घेऊन ठेवली आहे, ओळही काढली आहे. स्थलांतर मात्र तो घरी असताना, रविवारी करणार आहे.