सहा महिन्यांत पेनिसिलिन? आधी फर्मेंटरचा हिशोब बघा

किण्वक
चिनी मालावरच्या बहिष्काराच्या धाग्यावर काल एकाने लिहिलंय: "चीनने औषधांचा कच्चा माल बंद केला तर सहा महिन्यांत इथे कारखाने उभे राहतील. १९५४ साली पिंपरीत कारखाना निघाला, पेनिसिलिन बनलं, मग आता का जमू नये? फक्त इच्छाशक्ती हवी." लोक त्यावर माना डोलावताहेत, म्हणून वेगळा धागा काढतोय.

इच्छाशक्तीने बुरशी वाढत नाही. गोळी दाबणं वेगळं आणि गोळीतलं औषध बनवणं वेगळं. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन, आणि ७-एडीसीए या मधल्या रसायनामार्गे सेफॅलेक्सिन, या सगळ्यांची आई एकच, पेनिसिलिन-जी. आणि ते बनवणं आपण सोडून दिलं होतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (तोच पिंपरीचा कारखाना), आयडीपीएल, अलेंबिक, टोरंट, एसपीआयसी हे सगळे ते बनवायचे. नव्वदच्या दशकात आयात शुल्क उतरत गेलं, चिनी भाव त्याहून खाली गेले आणि एकेक फर्मेंटर, म्हणजे बुरशी वाढवायची टाकी, थंड झाला.

चिनी माल स्वस्त का, तर उतारा, म्हणजे तेवढ्याच रश्शातून किती औषध निघतं ते. १०० घनमीटर रस्सा (बुरशी ज्यात वाढते तो द्रव) घ्या. मिलिलिटरला १ लाख युनिट (हे पेनिसिलिन मोजायचं एकक) उतारा असेल तर त्यात साधारण ६.२ टन पेनिसिलिन-जी पोटॅशियम असतं, निष्कर्षणात, म्हणजे रश्शातून औषध वेगळं काढताना, १० टक्के गेलं तरी ५.६ टन हाती. उतारा ४० हजार असेल तर हाती सव्वादोन टन. टाकी तीच, माणसं तीच, वीज तीच. नुसता ढवळणारा पंखा २५० किलोवॉट धरला आणि बॅच सात दिवसांची, तर ४२ हजार युनिट वीज झाली. म्हणजे एकाला किलोमागे साडेसात युनिट, दुसऱ्याला पावणेएकोणीस. युनिट ८ रुपये धरा, एकट्या पंख्यात किलोला ९० रुपयांची मार. कॉम्प्रेसर आणि चिलर अजून मोजलेलेच नाहीत. वर इनर मंगोलियात मका दारात, कोळशाची वीज दारात आणि थंडीमुळे टाकी २५ अंशांवर ठेवायला चिलर कमी लागतो.

आणि जोखीम वेगळीच. वीज ट्रिप झाली की दोन-तीन मिनिटांत विरघळलेला ऑक्सिजन शून्यावर येतो. बुरशी मरत नाही, पण त्या बॅचचा उतारा परत वर येत नाही. टाकीतला दाब गेला आणि सीलमधून एक जिवाणू आत शिरला, की तो पेनिसिलिनेज सोडतो आणि अख्खी बॅच गटारात. फेनिल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड थोडं जास्त पडलं तर बुरशीला विषबाधा, कमी पडलं तर भलतंच पेनिसिलिन. हे हात बसायला वर्षं लागतात. म्हणून मोडलेलं परत उभं करताना संरक्षण द्यावंच लागेल, शुल्क म्हणा की किमान आयात किंमत.

गोळीवाला
उताऱ्याचा हिशोब मान्य. शेवटचं वाक्य मान्य नाही.

पेनिसिलिन-जी कोणी खात नाही. त्याचं एन्झाइमने ६-एपीए हे मधलं रसायन होतं, त्यापासून पुढची औषधं. १ किलो ६-एपीएला कागदावर १.७२ किलो पेन-जी लागतं, प्रत्यक्षात १.८५ ते १.९. तुम्ही पेन-जीवर किलोला १०० रुपये चढवलेत की ६-एपीएवर १९० चढले. चीन ६-एपीएही विकतो आणि तयार अ‍ॅमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेटही. मग खरेदीवाला पेन-जी घेईलच कशाला? तो सरळ पुढचा माल मागवेल. पहिला बळी जाईल तो इथल्या ६-एपीए बनवणाऱ्याचा, ज्याने एवढी वर्षं तग धरलाय. साखळीत एकाच कडीवर शुल्क लावणं म्हणजे आपल्याच माणसाचा पाय कापणं.

शिवाय आमच्या मालाला कमाल किंमत ठरलेली. डीपीसीओ २०१३ या औषध किंमत नियंत्रण आदेशामुळे कच्चा माल महागला म्हणून उद्या छापील किंमत वाढवता येत नाही.

किण्वक
मग साखळीभर लावा. पेन-जी, ६-एपीए, अ‍ॅमॉक्सिसिलिन, तिन्हीवर, आणि गुणोत्तर धरून. ते मी नाकारलेलं नाही.

आता तुमचाच आकडा पुढे नेतो. १ किलो अ‍ॅमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेटला सुमारे ०.५७ किलो ६-एपीए. म्हणजे १९० चे झाले १०८ रुपये. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ट्रायहायड्रेट असतं ५७४ मिलिग्रॅम. कॅप्सूलमागे ६ पैसे. सहा पैशांसाठी देशाने दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं?

गोळीवाला
सहा पैसे तुम्हाला किरकोळ वाटतात कारण तुम्ही सरकारी टेंडर भरलेलं नाही. तिथे एक-दोन पैशांवर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव भरणारा, ठरतो. आफ्रिकेच्या टेंडरमध्ये समोर चिनी कॅप्सूलच असते, तिच्यावर तुमचं शुल्क लागत नाही. इथे संरक्षण मिळेल, निर्यात जाईल. हे तोंडावर सांगा ना लोकांना.

स्पंदन
दोघेही भावावरच अडकलात. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन लागतं, वर्षानुवर्षं. माल इतका स्वस्त झाला की जगात तो बनवणारे बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि मागच्या दशकात देशोदेशी तुटवडा पडला. स्वस्त असून मिळत नाही, ही अवस्था रुग्णासाठी महागाईपेक्षा वाईट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, त्यात बेंझिल पेनिसिलिनचं, म्हणजे पेन-जीचंच, १० लाख युनिटचं इंजेक्शन होतं. कच्च्या मालाच्या खर्चाने उत्पादन परवडेना म्हणून. म्हणजे किंमत वाढवता येतच नाही हे गोळीवाल्यांचं म्हणणंही अर्धंच खरं.

गोळीवाला
डीपीसीओच्या परिच्छेद १९ खाली क्वचित, तेही लोक उत्पादन थांबवू लागल्यावर. पण ठीक, वाढवली हे खरं.

रोहेकर
सगळा हिशोब वीज आणि पैशांचा. पाण्याचा कोण करणार? चिनी माल स्वस्त आहे त्यात तिथल्या नद्यांचाही वाटा आहे. २०१७ च्या सुमारास तिथल्या सरकारने पर्यावरणाच्या तपासण्या कडक केल्या, कारखाने बंद ठेवले, तेव्हा हेच भाव कसे उसळले ते आठवा. आता ती घाण आम्ही घ्यायची? रोहा-मुरुडला बल्क ड्रग पार्कचा, म्हणजे औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांच्या वसाहतीचा, घाट घातला होता, गावांनी विरोध केला. तो योग्यच होता.

बोईसर_ईटीपी
आणि परिणाम काय झाला? २०२२ मध्ये पार्क गेले गुजरात, हिमाचल आणि आंध्रला. पार्कमागे केंद्राचे १,००० कोटींपर्यंत मिळणार होते. रायगडची पोरं आता भरूचला नोकरी शोधणार. प्रत्येक गोष्टीला विरोध करून कोकणाचं भलं झालेलं मला तरी दिसत नाही.

रोहेकर
तारापूरच्या सामायिक सांडपाणी केंद्रात वर्षानुवर्षं क्षमतेपेक्षा जास्त पाणी येत राहिलं, हरित लवादापर्यंत प्रकरण गेलं. नवापूरची खाडी बघा आणि मग नोकऱ्यांच्या गोष्टी सांगा. मच्छीमार कोळ्याचा धंदा हा धंदा नाही का?

बोईसर_ईटीपी
तारापूरचं समर्थन करत नाही. पण तिथे चूक काय झाली ते नीट समजून घ्या, नाहीतर उपायही चुकीचा मागाल. सगळ्यांचं पाणी एकत्र करणं हीच चूक. पेन-जीच्या कारखान्यात मुळात दोन प्रवाह वेगळे ठेवायला हवेत. धुण्याचं पातळ पाणी एकीकडे. निष्कर्षणानंतर उरणारा जाड रस्सा दुसरीकडे.

त्या रश्शात काय असतं? गाळलेला रस्सा ५ अंशांखाली आणून सल्फ्युरिक अ‍ॅसिडने पीएच २ ते २.५ वर नेतात आणि ब्युटिल अ‍ॅसिटेटमध्ये पेनिसिलिन ओढतात. मागे राहतो सल्फेट आणि अमोनिया. हे पाणी तसंच अ‍ॅनेरोबिक (हवा नसलेल्या) टाकीत सोडलं की सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड काढतात. गावात येणारा सडक्या अंड्याचा वास तोच. वर तो वायू मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंनाही मारतो, म्हणजे टाकी आतून बंद पडते आणि बाहेरून चालू दिसते. म्हणून आधी उरलेलं ब्युटिल अ‍ॅसिटेट उडवून परत मिळवायचं, मग हा प्रवाह थेट बाष्पीभवनाला, तिथून सुकवणीला, मीठ तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या भूभरावात. आणि बुरशीचा लगदा जनावरांना मुळीच घालायचा नाही, त्यात औषध उरलेलं असतं.

हे सगळं होऊ शकतं. खर्चिक आहे, पण होऊ शकतं.

रोहेकर
होऊ शकतं आणि होतं यात फरक आहे. रात्री दोनला टँकर नाल्यात रिकामा होतो तेव्हा तुमचा प्रवाह क्रमांक दोन कुठे असतो?

स्पंदन
इथे मी रोहेकरांच्या बाजूने. हैदराबादजवळ पटानचेरूच्या सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं होतं, २००७ साली ते प्रसिद्ध झालं. अशा पाण्यात औषधाला दाद न देणारे जिवाणू पोसले जातात. केंद्राच्या २०२० च्या मसुद्यात सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा होत्या, २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या गाळल्या. चीनशी स्पर्धा करायची म्हणून हीच गाळणी करणार असाल, तर औषध आपलं बनेल आणि ते लागू पडणार नाही.

पिंपरी_गेट
सगळे कोकणात पोचलात, मूळ वाक्य पिंपरीचं होतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभी राहिली. हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध तिथल्याच प्रयोगशाळेतून आलं. तेव्हा बाहेरून बुरशीचा वाण आणि तंत्र मिळालं, आता ते कोणी देणार नाही. हा फरक त्या मूळ लेखकाला कळलेला नाही. पण किण्वक, फक्त चीनवर खापर फोडू नका. उतारा वाढवण्याचं काम सतत चालू ठेवावं लागतं. म्युटेशन करायचं, बुरशीच्या हजारो वसाहती तपासायच्या, त्यातली एखादी पुढे न्यायची. यात आपण पैसा घालणं थांबवलं. वाण बर्फात ठेवून दिला तर तो तिथेच राहतो, समोरचा पुढे जातो.

किण्वक
हे मान्य करावं लागतंय. शुल्क आलं आणि वाणावर काम झालं नाही, तर दहा वर्षांनी पुन्हा इथेच असू.

गोळीवाला
तेच तर सांगतोय. पीएलआयमध्ये, म्हणजे केंद्राच्या उत्पादन प्रोत्साहन योजनेत, किण्वनाच्या (फर्मेंटरमध्ये बनणाऱ्या) मालाला विक्रीच्या २० टक्के प्रोत्साहन पहिली चार वर्षं आहे, मग १५, मग ५, आणि २०२८-२९ नंतर काही नाही. काकिनाड्याचा १५ हजार टनांचा पेन-जी प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. चीनला फक्त तेवढी वर्षं भाव पाडून बसायचंय. शुल्काऐवजी सरकारी खरेदीतला ठरावीक हिस्सा पाच-सात वर्षांच्या करारावर इथल्या पेन-जीपासून बनलेल्या मालाला द्या, किंमत मका आणि विजेच्या भावाशी बांधा. निर्यातवाल्याला हवा तिथून माल घेऊ द्या. एवढं केलंत तर माझा विरोध नाही. किमान आयात किमतीला आहे आणि राहील.

किण्वक
करार चालेल. पण सरकारी खरेदीने १५ हजार टन खपत नाहीत. टाकी निम्मी चालवली की किलोचा खर्च पुन्हा चढतो. उरलेल्या मालाला भावाचा आधार लागेलच.

बोईसर_ईटीपी
रोहेकर, टँकरचं उत्तर राहिलं. कारखाना बाष्पीभवन यंत्र खरंच चालवतो का हे ओळखायला नमुने घेत बसावं लागत नाही. तीन टप्प्यांच्या यंत्रात १ टन पाणी उडवायला साधारण ०.३५ ते ०.४ टन वाफ लागते. रोज १०० टन रस्सा उडवला म्हणणाऱ्याच्या वाफेच्या मीटरवर ३५ ते ४० टन दिसलेच पाहिजेत. १२ दिसले तर बाकीचं पाणी बाहेर गेलंय. वर मीठ किती निघालं आणि भूभरावाच्या पावत्या किती टनांच्या, ते जुळवायचं.

रोहेकर
मग तो मीटर गेटवर लावा, गावाला दिसेल असा, आणि पावत्या दर महिन्याला ग्रामपंचायतीत द्या. हे लेखी मिळालं तर ग्रामसभेत विषय घ्यायला मी विरोध करणार नाही. पार्कला हो म्हटलेलं नाही, विषय घ्यायला म्हटलंय.