दंड लावला की माणूस सुधारतो का? (आमच्या इमारतीतला कचरा आणि हैफाची पाळणाघरं)

मानेवाडा_रोड
नागपुरातल्या आमच्या इमारतीत ३६ फ्लॅट. ओला-सुका कचरा वेगळा न देणाऱ्याला दर वेळी २० रुपये दंड, असं चार महिन्यांपूर्वी मीटिंगमध्ये ठरलं. मीही हात वर केला होता. आता वाटून राहिलं की चुकलो.

आधी चार-पाच घरं मिसळून द्यायची, तीही शरमेनं, लपवून. काळी पिशवी, वरून पेपर. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी पिशवी उघडून नुसतं पाहिलं की समोरचा "आज जरा घाई झाली हो" म्हणायचा. आता दहा-बारा घरं बिनधास्त देतात. परवा तिसऱ्या माळ्यावरच्या काकांनी माझ्यादेखत भाताच्या खरकट्यात दाढीचं ब्लेड टाकलं. मी बोललो तर म्हणाले, "लिहा ना वहीत. रोज धरलं तरी महिन्याचे सहाशे. त्यात काय?"

इस्रायलमधल्या हैफा शहरात नेमकं हेच झालं होतं. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थतज्ज्ञांनी १० पाळणाघरं घेतली. पहिले चार आठवडे फक्त नोंद ठेवली, की किती आईबाप मुलाला न्यायला उशिरा येतात. मग सहा पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला १० शेकेल दंड लावला, चारांत काहीच बदललं नाही. दंडवाल्या ठिकाणी उशीर करणारे वाढत वाढत जवळपास दुप्पट झाले. त्यातली खरी गोष्ट पुढची आहे: सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी उशीर कमी झाला नाही. बाई आपल्यासाठी ताटकळत बसली आहे, ही टोचणी होती. त्या टोचणीला एकदा भाव लागला आणि ती गेली. २००० साली हा अभ्यास छापून आला.

माझं म्हणणं, दंड बंद करा. उशीर केला तर काकांची ही सवय आम्हाला परत मोडता येणार नाही.

तर्री_पोहे
दंड चुकला नाही भाऊ, दंड स्वस्त पडला. २० रुपयांत आजकाल प्लेटभर पोहेही येत नाहीत.

तुम्ही हैफा सांगितलं, मी न्यूयॉर्क सांगतो. तिथं संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीतले परदेशी मुत्सद्दी कुठंही गाडी लावत. पावती फाटायची, पण राजनैतिक संरक्षण असल्यानं कोणी वसूल करू शकत नव्हतं. १९९७ च्या शेवटापासून २००२ पर्यंत दीड लाखाच्या वर पावत्या थकल्या. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल यांनी त्या देशवार मोजल्या. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त, त्यांची माणसं तिथंही जास्त नियम मोडत. नॉर्वे-स्वीडनवाल्यांची एकही पावती थकली नव्हती. हा भाग तुमच्या बाजूचा, मान्य. पण २००२ च्या ऑक्टोबरात शहराला गाडीची नंबरप्लेट काढून घ्यायचा अधिकार मिळाला आणि असे प्रकार जवळपास ९८ टक्क्यांनी घटले. तीच माणसं, तेच संस्कार. वसुली पक्की झाली, एवढंच.

तुमच्या वहीतले पैसे खरंच वसूल होतात का, की नुसतेच लिहिले जातात?

मानेवाडा_रोड
निम्म्याहून जास्त बाकी आहेत. हे मी लिहायला हवं होतं.

धंतोली_जुना
कुठं हैफा, कुठं मानेवाडा. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्रातल्या मोठ्या नियतकालिकांत ज्यांच्यावर प्रयोग झाले, त्यातले ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले, आणि त्या देशांची लोकसंख्या जगाच्या जेमतेम १२ टक्के. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर ३६ टक्क्यांतच ठोस निकाल परत आला. अशा पायावर तुम्ही इमारतीचे नियम बदलणार?

मानेवाडा_रोड
पायावर नाही हो. काकांना मी आधी ऐकलं, हैफा नंतर आठवलं.

इंदोरा_चौक
दादा, तुमचा धागा मनापासून आहे म्हणून स्पष्ट बोलते. दंडाआधी शरम होती, असं तुम्ही लिहिलं. शरम कोणाची होती? मावशींची, की जिन्यातून जाणाऱ्या शेजाऱ्याची?

इथं परदेश शोधायची गरज नाही. सुखदेव थोरात अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. २००७ मध्ये निष्कर्ष आले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. चेहरा नाही, भेट नाही, नुसतं कागदावरचं नाव. माणूस समोरच्याला काय मोजतो, ते समोरचा कोण यावर ठरतं.

हैफातल्या आईबापांना पाळणाघरातल्या बाई आपल्यासारख्या वाटत, म्हणून टोचत होतं. मावशींच्या बोटात ब्लेड जाईल, हे तुमच्या काकांना माहीत नाही का? आहे. माझ्या आजीनं गड्डीगोदामात सतरा वर्षं लोकांचा कचरा उचलला. तिच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. शरमेच्या भरवशावर मी तिला सोडलं नसतं. मला नियम हवा, आणि तो पाळून घेणारा माणूस हवा.

तर्री_पोहे
ताई, हेच मला म्हणायचं होतं. तुमच्याएवढं नीट जमलं नाही.

वर्धा_रोड_सात
लहान रक्कमही चालते, फक्त ती कुठं आणि कशी मागता ते पाहा. आयर्लंडनं मार्च २००२ मध्ये प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट कर लावला. पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. पैसे काउंटरवर, रांगेतल्या सगळ्यांसमोर द्यायचे, आणि ते पर्यावरणाच्या निधीत जायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं पैशानं शरम घालवली नाही, उलट आणली. तुमच्या वहीतले २० रुपये जातात कुठं?

मानेवाडा_रोड
सोसायटीच्या खात्यात. मावशींना त्यातला एक रुपया मिळत नाही. या प्रश्नावर मी थांबलोच.

इंदोरा ताई, तुमचं वाचून आज सकाळी गेटवर थांबलो. चार महिन्यांत मावशींना आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दंड घ्या का नका घेऊ, मले काय मिळते? काच अन् पत्ती पेपरात गुंडाळून वेगळी द्या, लाल पेनाची फुली मारा." बोलता बोलता त्यांनी तळहात उघडून दाखवला. तीन वण मोजले मी.

शरमेबद्दल मी लिहिलं ते मागे घेतो. पण २० रुपयांच्या वहीबद्दलचं मत तेच आहे. त्या वहीमुळेच काकांना माझ्यासमोर ब्लेड टाकता आलं.

तर्री_पोहे
वही फाडू नका. रक्कम २०० करा, अर्धे मावशींना द्या, अन् बाकी आधी वसूल करा.

इंदोरा_चौक
आणि हातमोजे. जाड रबरी, बर्डीच्या बाजारात मिळतात. रविवारच्या मीटिंगची वाट पाहू नका, उद्याच आणा.